गाडीवरचं निळं तावदान

ते तावदान मी आमच्या गाडीच्या टपावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते काय आहे, हे मला कळलं नव्हतं. तरी मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की हे कुणाचं आहे?

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ऐंशीनंतरचा दुष्काळ. माझा नवरा तालुक्याच्या दूध संघात ड्रायव्हर होता. संघाकडं एक जुनी मेटाडोर होती, पूर्वी तिच्यातून दुधाचे कॅन जायचे. गावोगावचं दूधच आटलं, तसं संघानं तिच्या पोटात दोन फळ्या ठोकून झोपायची सोय केली, औषधांचं कपाट बसवलं, बाजूला 'फिरता गुरांचा दवाखाना' असं रंगवलं आणि परंड्याकडच्या वाशीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला पडलेल्या जनावरांच्या छावणीवर तिला उभं केलं. डॉक्टर आठवड्यातून एखाद्या वेळी येऊन जायचे. एरवी गाडी आणि औषधं ह्यांच्या ताब्यात. ह्यांनी डॉक्टरांचं बघून बघून बरंचसं शिकून घेतलं होतं, पण तो अधिकार ह्यांचा नव्हता. संघाच्या लेखी हे फक्त ड्रायव्हर.

गावाकडच्या आमच्या घरी हंडाभर पाण्यासाठी दिवस जायचा. छावणीवर जनावरांसाठी टँकर यायचा. सासूबाई लेकीकडं राहायला गेल्या आणि मी स्टोव्ह, दोन पातेली, परात आणि एक वळकटी घेऊन गाडीत संसार मांडला. गुरांसाठी आलेल्या पाण्यातलं दोन कळश्या पाणी मी घ्यायची. तेवढ्यासाठीसुद्धा हौदाजवळ बायका माझ्या हाताकडं बघत उभ्या राहायच्या. त्या काही बोलायच्या नाहीत. आम्ही कोणत्या वस्तीतले हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कळशी हौदात बुडवायची नाही, तोटीखालीच धरायची. आणि बुडवली नाही हे त्यांना दिसेल अशा बेतानं उभी राहायची.

अंधार पडला की गाडीत काही दिसायचं नाही. रेशनचं रॉकेल स्टोव्हलाच पुरायचं नाही, तर कंदिलाला कुठून? एकदा ह्यांनी गाडीच्या बॅटरीवर छोटा दिवा लावला. चारपाच दिवस आम्ही उजेडात जेवलो आणि मग एका सकाळी गाडी सुरूच होईना. छावणीतली माणसं ढकलायला आली. ढकलताना एकजण म्हणाला, "संघाच्या बॅटरीवर घरचा दिवा जाळतेत व्हय?" त्यानंतर आम्ही पुन्हा अंधारात जेवायला लागलो.

मग एकदा हे औषधं आणायला म्हणून कुर्डुवाडीच्या बाजूला गेले. संध्याकाळी येतो म्हणाले आणि आले दुसऱ्या दिवशी दुपारी. टपावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी बांधलेलं. सोडलं, तर आत काचेचं लांबोळं तावदान. कडेनं पांढऱ्या धातूची चौकट आणि काचेखाली गर्द निळ्या, गोल गोल चकत्या ओळीनं बसवलेल्या. मागून दोन वायरी लोंबत होत्या.

"हे काय?"

"उन्हावर बॅटरी भरती ह्यानं. आता दिवा लावू."

"कुठनं आणलं?"

"मिळालं."

"मिळालं म्हणजे? दिलं कुणी?"

"दिलं एकानं. तू ही वायर धर बरं."

मी वायर धरली. पण 'एकानं' हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. असल्या वस्तू रस्त्यात कुणी देत नाही. मी दहावीपर्यंत शिकलेली, शास्त्राच्या पुस्तकात सूर्यापासून विजेचा एक परिच्छेद होता. ती वस्तू उपग्रहावर असते, असं त्यात लिहिलं होतं. ती कुर्डुवाडीच्या रस्त्यावर ड्रायव्हरला कशी मिळेल?

माझे वडील पोस्टमन होते. त्यांनी नोकरीच्या पहिल्या पैशातून सायकल घेतली, तर आठवड्याच्या आत पोलीस पाटलानं त्यांना चावडीवर बसवून ठेवलं, कारण त्याच सुमाराला गावातल्या कुणाची तरी सायकल गेली होती. हरवलेली सायकल दुसऱ्या बनावटीची होती, हे सांगूनही दुपार गेली. तेव्हापासून बाबा आम्हाला म्हणायचे, "आपल्या घरात अशी एकही वस्तू नको, जी कुठनं आली हे चारचौघांत सांगता येणार न्हाय." हेच मी लहानपणापासून ऐकत आले होते. आणि आता माझ्या डोक्यावर, टपावर, अशीच वस्तू होती.

ह्यांना मात्र त्या दिवशी दुसरं काही सुचत नव्हतं. गाडी होती लिंबाच्या झाडाखाली, कारण उन्हात ती भट्टीसारखी तापायची. सावलीत तावदान ठेवून उपयोग नाही. गाडी उन्हात न्यायची तर आम्ही आत राहायचं कसं? शेवटी ह्यांनी एका मोडक्या खाटेच्या लाकडाचं तीन पायांचं तिकाटणं केलं, ते झाडापासून दूर, उघड्या जागी रोवलं आणि तावदान त्यावर तिरपं बांधलं. दुपारी काठी उभी करून सावली कुठं पडते ते बघितलं आणि तोंड दक्षिणेला केलं. तिथून वायर गाडीपर्यंत, जनावरांच्या पायात येऊ नये म्हणून जमिनीत पुरून. गाडीच्या बॅटरीला हात लावायचा नाही, असं ह्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी ट्रकची एक जुनी बॅटरी वाशीच्या गॅरेजमधून आणली, तिच्यात बॅटरीचं पाणी घातलं आणि गाडीत बर्थच्या खाली नाही, तर बाहेर पायरीशी लाकडी खोक्यात ठेवली. तिच्यातून निघणारा वायू बंद जागेत बरा नाही, म्हणाले. मध्ये एक एवढासा काळा तुकडा जोडला.

"हा कशाला?"

"दिवसा तिकडनं इकडं येतंय ते अंधारात इकडनं तिकडं जाऊ नये म्हणून. परंड्याच्या रेडिओवाल्या चाचांनी दिला."

म्हणजे परंड्याला गेले होते. कुर्डुवाडीला नाही. मी मनात नोंद करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ह्यांनी बटण दाबलं आणि मोटारीचा छोटा दिवा गाडीत लागला. पिवळा, स्थिर उजेड. पातेल्यातली आमटी दिसत होती, ह्यांच्या कपाळावरची ग्रीसची रेघ दिसत होती. हे माझ्याकडं बघून हसले. मीही हसले. पण खरं सांगायचं तर तो उजेड मला बाहेरून बघणाऱ्यांच्या नजरेनंच दिसत होता. सगळी छावणी काळोखात आणि मधोमध आमची गाडी चमकतेय.

नजरा लगेच आल्या. छावणी एका सोसायटीनं चालवायला घेतली होती. सोसायटीचे सचिव रोज सकाळी फटफटीवर यायचे, चाऱ्याच्या गंजीपाशी उभे राहून हजेरी लावायचे. त्यांनी पहिल्या दिवशी तावदानाभोवती दोन चकरा मारल्या. वाकून मागून बघितलं. मग मला विचारलं, "बाई, ह्याचं तोंड आमच्या दावणीकडं का केलंय?"

"ऊन तिकडून येतं म्हणून."

"आस्सं," ते म्हणाले. "आणि ह्या गोल गोल चकत्या कशाच्या? भिंगाच्या का?"

मला आधी कळेना. नंतर ह्यांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. छावणीत जेवढी जनावरं कागदावर होती तेवढी दावणीला नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. सचिवांना वाटलं, वरून कुणीतरी जनावरं मोजायचं यंत्र पाठवलंय आणि ते आमच्या हातून बसवलंय. दोनच दिवसांत छावणीभर झालं, की दवाखान्याचं तावदान फोटो काढतं. बायका त्याच्यासमोरून जाताना पदर ओढून जायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं आपला बैल सोडून पार पलीकडं नेऊन बांधला. मी रोज सकाळी कोरड्या फडक्यानं काचेवरची धूळ पुसायची, कारण छावणीची धूळ बसली की दिवा मंद लागायचा. ते पुसणंसुद्धा लोक उभं राहून बघायचे. कुणीतरी म्हणालं, "भिंग पुसती बघा."

हे हसण्यावारी न्यायचे. मी नेऊ शकत नव्हते. सचिवांना यंत्राची भीती वाटते हे ठीक, पण भ्यालेला माणूस दुसऱ्या बाजूनं शोध घेतो. तसंच झालं. आठवड्यानंतर ते आले आणि यंत्राचं काही न बोलता ह्यांना विचारलं, "हे संघानं दिलंय का?"

"न्हाय."

"मग?"

"माझ्या एका वळखीच्यानं वापरायला दिलंय."

"नाव काय त्याचं?"

हे वायरीवर माती सारायला लागले. सचिव माझ्याकडं वळले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, समाधान होतं. "असल्या काचा फक्त सरकारकडं असतेत," ते म्हणाले. "म्या संघात विचारतो. तुमी काय काळजी करू नका." आणि फटफटी चालू करून गेले.

मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "नाव का सांगितलं न्हाय?"

"शब्द दिलाय."

"मला तर सांगा."

"तुला सांगितलं की तू बाबांना सांगशील, बाबा अजून कुणाला. राहू दे. काय होत न्हाय."

'काय होत न्हाय' म्हणणारी माणसं मला ठाऊक होती. चावडीवर बाबांना बसवलं, त्या सकाळी आजोबाही तेच म्हणाले होते, असं बाबा सांगायचे. मला दोनच गोष्टी दिसत होत्या. एक तर ह्यांनी ते चोरलंय, किंवा कुणीतरी चोरलेलं ह्यांच्या गळ्यात बांधलंय. नवरा माझा वाईट नव्हता. पण मी त्याला ओळखून किती दिवस झाले होते? आईबापांनी बघून दिलेला माणूस. त्याला उजेडाची किती हौस आहे, हे मी बघत होते. हौसेपायी माणूस कुठवर जातो, हे मला माहीत नव्हतं.

बाजारच्या दिवशी मी ह्यांना सांगितलं, की आईला बरं नाही, भेटून येते. वाशीहून एसटी धरली ती माहेरची नाही, परंड्याची. किल्ल्याच्या अलीकडं रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. चाचा चष्मा कपाळावर सरकवून एका रेडिओत डोकं घालून बसले होते. मी तुकड्याचं वर्णन केलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"घरातलीच."

"घरातली आहे, तर घरातच विचारायचं ना, बेटी," ते म्हणाले. आवाज मऊ होता, पण तोंड बंदच. मी उठेना हे बघून मात्र बाहेर बोट दाखवून म्हणाले, "कुर्डुवाडीच्या रोडवर एक गाव आहे. तिथल्या शाळेवर असल्या काचा होत्या. सरकारी टीव्ही आला होता. इतकंच मला माहीत. बाकी अल्ला जाने."

सरकारी. तरी मी पुढची गाडी धरली.

गाव लहान. शाळेच्या पत्र्यावर खालूनच दिसत होतं, चौकटींची रांग होती आणि त्यातली एक जागा रिकामी. तिथं बोल्टांची भोकं उघडी पडलेली. शाळा सुटलेली होती. व्हरांड्यात टीव्हीचं लाकडी कपाट होतं, दार मोडलेलं, आत कोंबडी बसली होती. मी सरपंचांचं घर विचारलं. ते ओट्यावर सुपारी कातरत होते. धोतर, बंडी, उंचेपुरे गृहस्थ.

मी नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "शाळेवरची एक काच कुणी नेली, तुम्हाला ठाऊक आहे का?"

अडकित्ता थांबला. "तुमी कुठल्या?"

"वाशीकडची."

"पंचायत समितीतून आलात?"

"नाही."

"मग कुणी धाडलं?"

"कुणी नाही. मला फक्त कळायला हवं, की ती काच कुणी दिली का कुणी काढून नेली."

ते उभे राहिले. "बाई, आमी कुणाला काय दिलं न्हाय. सरकारी वस्तू आमी कशाला कुणाला देऊ? वाऱ्यानं गेली आसंल. चोरानं नेली आसंल. तुमी लेखी आणा, मग बोला."

घरातून एक बाई दाराआड येऊन ऐकत होत्या. सरपंचांनी मागं बघितलं तशा त्या आत गेल्या.

मी परतीच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या मनात शंका उरली नव्हती. चोरीच. सरपंच म्हणतो, दिली नाही. जागा रिकामी आहे. माझ्या नवऱ्याकडं काच आहे. खिडकीतून दिसणाऱ्या उघड्या रानाकडं बघत मी ठरवत होते, की बाबांना आधी सांगायचं का ह्यांना आधी विचारायचं.

छावणीवर पोचले तेव्हा ऊन कलतं होतं. हे तावदान पुसत होते. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"मी परंड्याला गेले होते. पुढं त्या गावालाही."

ह्यांचा हात थांबला.

"सरपंच म्हणतात, आमी कुणाला काय दिलं न्हाय. तुम्ही शाळेवरून काढून आणलं का न्हाय, तेवढं सांगा."

ह्यांनी फडकं खाली ठेवलं. मग हळू आवाजात विचारलं, "तू त्यांना काय म्हणून सांगितलंस? कोण आहेस म्हणून?"

"काहीच न्हाय सांगितलं."

"तू आमची मंडळी आहेस, हे सांगितलंस?"

"न्हाय. खरं काय ते ऐकायचं होतं मला."

हे तिकाटण्याशी खाली बसले. "मग त्यो काय सांगणार तुला? शिकलेली बाई येती, सरकारी काच कुणाला दिली म्हणून विचारती. मी आसतो तर मीबी हेच सांगितलं आसतं."

तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्या गावावरून येताना रस्त्यात सरपंचांनी गाडी अडवली. म्हैस व्याली होती, पण पाठोपाठ पडायची ती वार पडत नव्हती, डॉक्टर जवळपास कुठं नव्हता. ह्यांनी सांगितलं, मी डॉक्टर नाही. ते पाया पडायला लागले. ह्यांनी रात्रभर थांबून केलं आणि म्हैस वाचली. डॉक्टरांना कळलं असतं तर नोकरी गेली असती. सकाळी शाळेवरच्या काचा बघून ह्यांनी चौकशी केली. टीव्ही कधीचाच जळलेला, दुरुस्तीला कुणी येत नव्हतं. सरपंच म्हणाले, एक न्या, छावणी उठली की परत आणून लावा, पण माझं नाव कुठं घेऊ नका. ह्यांनी म्हैस गुपित ठेवायला सांगितली, त्यांनी काच.

ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गोष्ट नीट जुळत होती. जरा जास्तच नीट. "हे सगळं खरं कशावरून?" मी विचारलं. हे फडकं उचलून परत काच पुसायला लागले. त्या संध्याकाळी ह्यांनी दिवा लावला नाही. आम्ही दोघं अंधारात, पाठीला पाठ लावून जेवलो.

दोनतीन दिवस असेच गेले. मग एका सकाळी सचिव आले, ते संघाच्या सुपरवायझरला फटफटीच्या मागं बसवूनच. माणसं गोळा झाली. सुपरवायझर ह्यांना म्हणाले, "काच खाली उतरवा आणि गाडीत बसा. संघात जायचंय." ह्यांनी विचारलं, का? सचिवच म्हणाले, "चोरीचा माल कुठं ठेवायचा आसतो, ते आमाला ठाऊक न्हाय व्हय?"

मी पुढं झाले. काय बोलणार होते, मला आजही सांगता येत नाही. त्याच वेळी वाशीच्या एसटी थांब्याकडून एक भाड्याची बैलगाडी आली. तीत ते सरपंच होते आणि दारामागं ऐकणाऱ्या त्या बाई, त्यांच्या मंडळी. मला बघून सरपंच थबकले.

"ही बाई!" ते ह्यांना म्हणाले. "हिनंच आमच्या दारात येऊन चौकशी केली. म्हणून तर म्या आलो. तुमी आमचं नाव सांगितलं का न्हाय, ते बघायला."

"ती माझी बायको हाय," हे म्हणाले.

सरपंचांनी माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं, मग परत माझ्याकडं. त्यांना पटायला वेळ लागला. त्यांच्या मंडळींनी मात्र गाडीतूनच आवाज दिला, "म्या सांगत हुते की न्हाय तुमास्नी? तिच्या तोंडावरच कळत हुतं. सरकारी बाई आशी घाबरलेली आसती व्हय?"

सुपरवायझर गोंधळले. सरपंचांना आता गप्प राहणं अवघड होतं आणि बोलणंही. त्यांनी एकदा सचिवांकडं बघितलं. सचिवांना ते ओळखत असावेत, कारण त्यांचा आवाज अचानक चढला. "काच आमच्या गावची हाय. म्या दिलीय, छावणी उठंपर्यंत. कुणाला काय म्हणायचं आसंल तर आमच्या गावात येऊन म्हणा. आणि येताना छावणीत जनावरं किती हायती, तेबी मोजून सांगा."

सचिवांनी फटफटीला किक मारली. सुपरवायझरही त्यांच्यामागं जाऊन बसले. म्हशीचा विषय कुणी काढला नाही.

माणसं पांगली. मी सरपंचांच्या मंडळींना गाडीत बोलावून चहा दिला. त्यांनी कप हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि मग पिऊन टाकला. बशीत सांडलेलासुद्धा.

त्या दिवसापासून आम्ही दिव्याची वायर लांबवून हौदापर्यंत नेली. दिवेलागणीला टँकर आला तर बायकांना दिसायला लागलं. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "खरंच फोटो न्हाय ना काढत?" मी म्हटलं, नाही. "तसं वाटत न्हवतंच," ती म्हणाली, पण पदर सावरूनच. सचिव पुढं काही बोलले नाहीत, फक्त दावणीला थोडी जास्त जनावरं दिसायला लागली.

मी परंड्याला गेले, ह्याचा मला पश्चात्ताप नाही. ह्यांना बरेच दिवस राग होता. नंतर ते कुठून काही आणलं की मी विचारायच्या आधीच सांगायला लागले. ते मनापासून सांगायचे की माझ्या धाकानं, हे मी कधी तपासलं नाही.

पाऊस झाल्यावर छावणी उठली. आम्ही दोघं तावदान परत करायला गेलो. सरपंचांनी ते उन्हात धरून, बोटांनी वाजवून, मागून पुढून बघितलं. "हेच हुतं नव्हं?" त्यांनी मंडळींना विचारलं. ह्यांनी पत्र्यावर चढून ते जागेवर बसवलं आणि टीव्हीच्या बंद पडलेल्या बॅटऱ्यांपैकी एक बरी शोधून शाळेच्या व्हरांड्यात एक दिवा जोडून दिला.

वर्षभरानं सरपंच आमच्या गावी घरी आले. चहा होईपर्यंत ते पावसाचं बोलले. मग म्हणाले, "त्या काचा गेल्या. सगळ्याच. म्हटलं, सहज विचारून यावं."

ह्यांचं तोंड लाल झालं. मी म्हटलं, "बघा की घर. परसातबी बघा."

ते नको नको म्हणाले आणि उठून खरंच परसापर्यंत जाऊन आले. परत येऊन बसले, चहा प्याले, म्हशीला पारडी झाल्याचं सांगितलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाले.